एसएटीचा स्कोअर पाठवायचा की नाही? आधी हिशेब मांडा



ज्यांची मुलं यंदा बारावीत आहेत, त्यांच्या घरी सध्या हाच विषय असणार. अर्ली डिसिजनला अर्ज करायचाय, कॉलेज टेस्ट-ऑप्शनल आहे, स्कोअर चांगला आहे पण "तेवढा" नाही. मग पाठवायचा का?

गेल्या वर्षी आम्ही यातून गेलो. लेकीचा स्कोअर 1460. तिच्या आवडत्या कॉलेजचा मधला पट्टा 1490 ते 1550. मी सीए, आकडा कमी दिसला की मला चैन पडत नाही. म्हटलं, "ऑक्टोबरमध्ये अजून एकदा दे." ती म्हणाली, "आई, मग निबंध कधी लिहू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं, कागदपत्रं काढून बसले.

पहिलं, नियम तपासा. कोविडमधली सूट बऱ्याच ठिकाणी संपली आहे. एमआयटीने 2022 मध्येच परीक्षा परत सक्तीची केली. 2024 मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनीही तेच जाहीर केलं. कोलंबियाने 2023 मध्ये ऐच्छिक धोरण कायम केलं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तर प्रवेशासाठी स्कोअर बघतच नाही. त्यामुळे "मैत्रिणीच्या मुलाने पाठवला नव्हता" हा आधार धरू नका. त्या कॉलेजचं यंदाचं पान स्वतः वाचा.

दुसरं, तो मधला पट्टा कोणाचा आहे ते बघा. बहुतेक कॉलेजं "कॉमन डेटा सेट" नावाचा तक्ता प्रसिद्ध करतात. त्यातल्या सी9 मध्ये, दाखल झालेल्यांपैकी किती टक्क्यांनी स्कोअर दिला होता ते असतं. समजा 40 टक्क्यांनीच दिला, तर तो पट्टा फक्त त्या 40 टक्क्यांचा. ज्यांचे आकडे कमी होते त्यांनी दिलेच नाहीत, म्हणून पट्टा वर सरकलेला दिसतो. फक्त नफ्यातल्या शाखांचे हिशेब जोडून कंपनीचा ताळेबंद दाखवला तर तुम्ही विश्वास ठेवाल का? आणि खालचा आकडा म्हणजे उंबरठा नव्हे. स्कोअर देऊन आत गेलेल्यांपैकी चौथा हिस्सा त्याच्याही खाली असतो.

माझं मत असं: स्कोअर पट्ट्यात किंवा खालच्या कडेजवळ असेल तर पाठवा. बराच खाली असेल आणि निम्म्याहून कमी मुलांनी दिला असेल तर ठेवा घरात. पण बहुतेकांनी दिला असेल, तर न देणंही वाचणाऱ्याला काहीतरी सांगतं. शिवाय स्कोअर शाळेच्या संदर्भात वाचला जातो. साध्या शाळेतल्या 1400 ला जे वजन आहे, ते आपल्यापैकी अनेकांनी घरं घेतलेल्या महागड्या स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या 1400 ला नसतं. कडू आहे, पण खरं आहे.

तिसरं, अर्ली डिसिजन हा बांधील करार आहे. मूल, पालक आणि काउन्सेलर, तिघांच्या सह्या असतात. प्रवेश मिळाला तर बाकीचे अर्ज मागे घ्यायचे, म्हणजे दुसऱ्या कॉलेजांची आर्थिक मदत ताडून बघता येत नाही. सही करण्याआधी कॉलेजचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर भरा. अर्लीची टक्केवारी जास्त दिसते, पण त्यात आधीच निवडलेले खेळाडूही मोजलेले असतात. कमी स्कोअर त्या टक्केवारीने भरून निघेल असं समजू नका.

चौथं, तारीख ठरवा. अर्लीची मुदत बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबर. आमच्या घरी ठरलं, 1 ऑक्टोबरनंतर स्कोअरचा विषय बंद. लेकीने पुन्हा परीक्षा दिली नाही आणि स्कोअरही पाठवला नाही. निर्णय तिचा होता, मी फक्त तक्ता समोर ठेवला. ऑक्टोबरचे सगळे शनिवार-रविवार तिने निबंधाला दिले.

निकाल काय लागला ते मुद्दाम सांगत नाही. एका घराचा निकाल हा पुरावा नसतो, आणि तुम्ही त्यावरून तुमच्या मुलाचं ठरवावं असं मला वाटत नाही.

आज रात्री जेवणानंतर तो तक्ता मुलांबरोबर बसून उघडा. आणि आधी त्यांना बोलू द्या.