‘गुणी’ असणे पुरेसे नाही

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या मोठ्या माणसाचे कौतुक घरोघरी एकाच वाक्यात होते : ‘फार गुणी आहे हो, सांगू ते सगळे ऐकतो.’ रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत, गावोगाव अशी तिशी-चाळिशीतली माणसे आहेत. कोणी वाडीत पडलेली सुपारी गोळा करतो, कोणी मासळी वाळत घालायला हात लावतो, कोणी दिवसभर ओटीवर बसून असतो. शाळेचे वय संपले तसा शिक्षकांचा आणि सरकारी शिबिरांचा संबंध सुटला. उरली ती आई. तीही आता सत्तरीला टेकली आहे. तिच्या माघारी हा मुलगा कोणाचे ऐकेल, याची चिंता सगळे करतात. त्याचे कोण ऐकेल, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

ऐकणे आणि विश्वास ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहानपणापासून ‘मोठ्यांना नाही म्हणायचे नाही’ एवढेच शिकलेला माणस सांभाळायला सोपा असतो. वाईट हेतूने जवळ आलेल्यालाही तो तितकाच सोपा पडतो. याची जबर किंमत याच जिल्ह्याने पाहिली आहे. पनवेलजवळच्या कळंबोलीतील एका बालगृहात राहणाऱ्या मुलींवरील लैंगिक अत्याचारांचे प्रकरण २०११ मध्ये उजेडात आले. त्यांतील अनेक मुली गतिमंद होत्या. मार्च २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह अनेकांना दोषी ठरवले. ज्यांनी सांभाळायचे त्यांच्याच हाती सगळी सत्ता आणि मुलींचे ऐकणारे बाहेरचे कोणी नाही, अशा बंद जागेत हे घडले. त्याच वर्षी देशाच्या पुरावा कायद्यातही बदल झाला. ज्याला बोलून साक्ष देता येत नाही, त्याची साक्ष दुभाष्याच्या किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने घ्यावी आणि तिचे चित्रीकरण करावे, अशी तरतूद आली. या माणसांचे म्हणणे समजून घेता येते, फक्त त्यासाठी वेळ आणि जाणते माणूस लागते, हे कायद्याने तेव्हा मान्य केले.

दवाखान्यात हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. बोलून दुखणे सांगता न येणारा माणूस ते वागण्यातून सांगतो. एकाएकी स्वतःच्या गालावर मारू लागणे हे दाढेचे किंवा कानाचे दुखणे असू शकते. जेवण टाकणे, रात्री येरझाऱ्या घालणे, चिडणे यामागे बद्धकोष्ठ किंवा पित्त असू शकते. डाऊन सिंड्रोम असलेली चाळिशीची बाई सुस्त झाली, तिचे वजन वाढले, तर थायरॉइड तपासायला हवे, कारण या व्यक्तींमध्ये थायरॉइडची कमतरता बरीच आढळते. पण ‘त्याचे असेच असते’ म्हणून हे सगळे मूळच्या अक्षमतेच्या खाती जमा होते. ब्रिटनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका सरकारी चौकशीत आढळले की, बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष इतरांपेक्षा सरासरी १३ वर्षे आणि स्त्रिया २० वर्षे आधी मरण पावत होत्या. टाळता येण्यासारख्या मृत्यूंमागे तपासणीला आणि उपचाराला झालेला उशीर हे एक मोठे कारण होते. आरोग्यसेवा चांगली असलेल्या देशाची ही स्थिती आहे.

श्रीवर्धन किंवा म्हसळ्याहून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात यायचे तर अख्खा दिवस मोडतो. ओपीडीत गर्दी, गोंगाट, अनोळखी माणसे. रुग्ण दंड पुढे करत नाही. मग ‘काही करत नाही रे, नुसते बघायचे आहे’ असे म्हणून चौघे धरतात आणि सुई टोचली जाते. त्या दिवसाचे काम होते, पण पुढच्या वेळी तो रुग्णालयाच्या फाटकातच बसकण मारतो. पुढची दहा वर्षे त्याची रक्ततपासणी होत नाही. जीव धोक्यात असताना धरावे लागते, हे खरे. तेव्हाही ‘दुखेल, पण लगेच संपेल’ हे आधी सांगता येते. एरवीच्या तपासणीत खोटे बोलून वाचवलेली पाच मिनिटे फार महाग पडतात.

विश्वास बसतो तो साध्या, पुन्हा पुन्हा केलेल्या गोष्टींतून. डॉक्टरांनी आधी रुग्णाशी बोलावे, मग सोबतच्या माणसाशी. चाळिशीच्या पुरुषाला ‘बाळा’ न म्हणता त्याच्या नावाने हाक मारावी. बीपीचा पट्टा आधी त्याच्या हातात द्यावा, मग दंडाला बांधावा. कोणता हात, हे त्याला ठरवू द्यावे. त्याने हात वर केला की थांबायचे, असे ठरवले तर खरोखर थांबावे. एकदा तरी काहीही न टोचता, नुसती ओळख करून घ्यायला बोलवावे. घरच्यांनी एका कागदावर लिहून आणावे : याला दुखले की हा काय करतो, कशाला घाबरतो, कशाने शांत होतो, कोणती औषधे चालू आहेत. तो कागद केसपेपरला जोडून ठेवला की नव्या डॉक्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. यातल्या कशालाच यंत्र लागत नाही.

घरी यापेक्षा अवघड काम आहे. सगळा विश्वास एकट्या आईवर असेल तर तो तिच्यासोबतच संपतो. ती आजारी पडली की मुलगा एका दिवसात मुंबईच्या भावाकडे किंवा एखाद्या संस्थेत जातो. तिथे त्याची खूण कोणालाच कळत नाही आणि तोही कोणाला ओळखत नाही. म्हणून आई धडधाकट असतानाच आणखी दोन-तीन माणसे त्याच्या आयुष्यात यायला हवीत. भाऊ-वहिनीने सणापुरते न येता महिन्यातून एक दिवस त्याच्यासोबत काढावा, आणि तेव्हा आईने घराबाहेर राहावे. शेजारची मावशी, गावातली आशाताई यांनाही त्याच्या खुणा माहीत असाव्यात. एकापेक्षा जास्त माणसे त्याच्याजवळ असली की एकाने त्रास दिला तर दुसऱ्याला सांगता येते. सांगितले की त्याच्यावर विश्वास ठेवणे, निदान तपासून पाहणे, हे त्या दुसऱ्याचे काम.

कायदाही याच दिशेने गेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे. पालक आणि दिव्यांग व्यक्ती यांनी परस्पर सामंजस्य आणि विश्वासाने मिळून निर्णय घ्यायचा. तोही ठरावीक मुदतीपुरता, ठरावीक बाबीपुरता आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी पालक नेमण्याचे काम स्थानिक स्तर समितीकडे असते. जिल्हाधिकारी तिचे सदस्य असतात. कुटुंबांनी या समितीकडे आई-वडील हयात असतानाच जावे. समितीनेही सही-शिक्क्यापूर्वी त्या व्यक्तीला भेटून, तिला समजेल अशा रीतीने, हा माणूस तुला चालेल का, हे विचारावे.

त्याचे उत्तर कधी ‘नाही’ असेल. त्या उत्तराला किंमत मिळते, हे त्याला आधी घरात आणि दवाखान्यात अनुभवायला मिळाले असेल, तरच तो ते देईल. त्याची सुरुवात अगदी लहान गोष्टीपासून करता येते : आज आंघोळ आधी की चहा आधी, हे त्याला विचारावे आणि तो म्हणेल तसे करावे.