गुणांचा काटा कुठाय?

दोस्तांनो, आपल्यातली काही पोरं म्हणतात, तत्त्वज्ञान म्हणजे भटांचं थोतांड, अमूर्त विचार आपल्या कामाचा नाही. मला हे पटत नाही. मी नाशिकचा, पोटासाठी मुंबईच्या गोदीत गोणी वाहतो. शिक्षण मॅट्रिक. पण अमूर्त काय असतं ते मला पाठीनं शिकवलंय. गोणीत साखर असो नाहीतर सिमेंट, ५० किलो म्हणजे ५० किलो. रंग, वास, चव बाजूला काढली, वजन तेवढं ठेवलं. न्यूटननं तरी दुसरं काय केलं? झाडावरून पडणारं फळ आणि आभाळातला चंद्र एका हिशेबात बसवले. पण तिथं काटा आहे. मुकादम ६० ला ५० म्हणाला तर गोणी काट्यावर टाकता येते.

आता आपल्याकडचं बघा. कणादाच्या वैशेषिकांनी जगाची नऊ द्रव्यं मांडली. पृथ्वीचा खास गुण गंध, पाण्याचा स्पर्श थंड. माणसाच्या हातानं पाणी बाटतं, असा गुण त्या पाण्याला दिलेला नाही. सांख्यांनी प्रकृतीत सत्त्व, रज, तम पाहिले. सत्त्व हलकं, रज चळवळं, तम जड. आणि तिन्ही सगळ्याच वस्तूंत मिसळलेले. इथवर निसर्गाचा विचार होता. चूक असेल, पण विचार होता.

मग गीता आली आणि तिनं हेच गुण माणसांना चिकटवले. चातुर्वर्ण्य म्हणे गुणकर्मानं केलं, शूद्राचा स्वभावच सेवेचा. अरे, कुणी मोजला? कुठल्या काट्यावर? जन्म बघितला आणि आकडा लिहून टाकला! वर्ण चार, गुण तीन, साधी बेरीजही जमत नाही, हे बाबासाहेबांनीच दाखवलंय. पण त्याच बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये कपिलाला मान दिला. कारण कपिल पुरावा मागत होता.

२ मार्च १९३० ला दादासाहेब गायकवाडांसोबत आपली हजारो माणसं काळारामाच्या दाराशी गेली. दार बंद. रामनवमीला रथाशी हात लावायला गेली तर दगड बसले. आतला दगड देव, बाहेरचा आमच्या टाळक्यात. सत्त्व कुठल्या दगडात होतं, सांगा की.

म्हणून अभ्यासवर्गातून कपिल काढू नका, न्यूटन काढू नका. गीतासुद्धा ठेवा. त्या दिवशी मी रजा टाकून येतो.