समुद्राचे ‘नॉर्मल’ कोणी ठरवायचे?

रक्ततपासणीचा अहवाल हातात आला की बहुतेकांची नजर आधी उजवीकडच्या रकान्याकडे जाते. तिथे ‘नॉर्मल’ मर्यादा छापलेली असते. आपला आकडा त्या दोन अंकांच्या मध्ये बसला की जीव भांड्यात पडतो. तो रकाना कोणी आणि कसा भरला, हे सहसा कोणी विचारत नाही. रीत तशी साधी आहे. निरोगी माणसांचा मोठा गट निवडायचा, त्यांचे रक्त तपासायचे आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात तो पट्टा ‘नॉर्मल’ धरायचा. मेख एवढीच की निवडलेली माणसे खरोखर निरोगी हवीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. याच स्त्रियांचे सरासरी हिमोग्लोबिन ‘नॉर्मल’ म्हणून छापले, तर कागदावरचा रक्तक्षय एका दिवसात कमी होईल. जिना चढताना लागणारी धाप मात्र तशीच राहील.

समुद्राच्या बाबतीत ही चूक सर्रास होते. बहुतेक किनाऱ्यांवर तळातल्या जिवांची पद्धतशीर मोजणी २० व्या शतकात, तीही बरीच उशिरा सुरू झाली. तोवर नद्यांवर धरणे उभी राहिली होती, शहरांचे सांडपाणी समुद्रात जात होते आणि जाळी तळ खरवडू लागली होती. म्हणजे पहिली नोंद झाली तेव्हाच रोगी आजारी होता आणि पुढच्या सगळ्या तुलना त्या आजारी अवस्थेशी होत राहिल्या. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ साली या प्रकाराला ‘सरकती आधाररेषा’ अशा अर्थाचे नाव दिले. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेला समुद्र मूळचा समजते आणि त्यानंतर जे घटले तेवढेच नुकसान मोजते. त्याआधीचे नुकसान हिशेबातून गळून जाते.

मग आजाराआधीची अवस्था कळणार कशी? समुद्राने त्याची नोंद ठेवलेली आहे. शिंपले, कालवे, गोगलगायी या मृदुकाय प्राण्यांचे मऊ शरीर मेल्यावर काही दिवसांत नाहीसे होते, पण चुन्याचे कवच शेकडो, कधी हजारो वर्षे चिखलात आणि वाळूत टिकून राहते. कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेले जीवाश्म सर्वांना ठाऊक असतात. त्यांच्या मानाने ही कवचे कालपरवाची आहेत, आणि म्हणूनच आजच्या प्रश्नांसाठी अधिक उपयोगाची. त्यांच्या आधारे सध्याच्या परिसंस्थांचा पूर्वेतिहास शोधणारी ‘संवर्धन पुराजीवशास्त्र’ ही शाखा गेल्या काही दशकांत उभी राहिली आहे. धोरणे ठरवताना तिचे म्हणणे मात्र अजूनही अभावानेच ऐकले जाते.

या शाखेचे सर्वांत बोलके उदाहरण कोलोरॅडो नदीचे आहे. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात उगम पावून सुमारे २,३०० किलोमीटर वाहत ही नदी मेक्सिकोत कॅलिफोर्नियाच्या आखाताला मिळत असे. १९२२ मध्ये सात राज्यांनी तिचे पाणी करार करून वाटून घेतले. त्या वेळी हाताशी असलेली प्रवाहाची मोजणी मोजक्या वर्षांची होती, आणि ती वर्षे नेहमीपेक्षा अधिक पाण्याची होती, हे पुढे झाडांच्या खोडातील वलयांवरून सिद्ध झाले. आधाररेषा चुकली की काय होते, त्याचा हा पहिला धडा. नदीत जेवढे पाणी नव्हते तेवढे कागदावर वाटले गेले. त्यात समुद्राचा वाटा कोणी धरलाच नव्हता. १९३० च्या दशकात हूवर धरण झाले, १९६० च्या दशकात ग्लेन कॅन्यन धरण झाले, आणि एरवी समुद्राला मिळणारी नदी बहुतेक वर्षी वाळवंटातच संपू लागली.

नदीच्या मुखाशी आज जे किनारे आणि बेटे दिसतात, ती मोठ्या प्रमाणात शिंपल्यांची बनलेली आहेत. वाळूत शिंपले सापडतात असे नव्हे. शिंपल्यांचेच ढीग लाटांनी रचून ठेवले आहेत. मिखाल कोवालेव्स्की, कार्ल फ्लेसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहचित्रे आणि प्रत्यक्ष मोजणी यांच्या आधारे या ढिगांचा हिशेब केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. तिथे किमान २ लाख कोटी शिंपले आहेत, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांतल्या १२५ शिंपल्यांचे वय काढले, तेव्हा ते इ. स. ९५० ते १९५० या हजार वर्षांतले निघाले. यावरून मांडलेल्या अगदी सावध अंदाजानुसारही नदी वाहत होती तेव्हा कोणत्याही क्षणी तिथे सुमारे ६०० कोटी शिंपले जिवंत असत. म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ५०. त्याच भागात १९९९-२००० मध्ये कवचधारी प्राण्यांची मोजणी केली, तर दर चौरस मीटरला फक्त ३ मिळाले. घट ९४ टक्के.

या आकड्याचे महत्त्व असे की दुसऱ्या कोणत्याही मार्गाने तो मिळाला नसता. धरणांआधी इथल्या तळाची गणना कोणी केलीच नव्हती. आजची मोजणी एकटी पाहिली, तर तीन शिंपल्यांचा तो चिखल ‘निसर्गतःच गरीब’ वाटला असता.

शिंपल्यांचे वय काढण्याची पद्धत डॉक्टरांनाही परिचित वाटावी अशी आहे. कवचात थोडी प्रथिने अडकलेली असतात. प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्ले सजीवांच्या शरीरात जवळजवळ सगळी ‘डावखुऱ्या’ रचनेची असतात. मृत्यूनंतर ती हळूहळू ‘उजव्या’ रचनेत बदलू लागतात. दोन्हींचे प्रमाण पाहिले की प्राणी मरून किती काळ झाला, याचा अंदाज येतो. किरणोत्सारी कार्बनने वय ठरवलेल्या काही शिंपल्यांशी तो ताडून घेतला जातो.

कवच आणखीही बरेच सांगते. ते थराथराने वाढत असल्याने प्रत्येक थरात त्या वेळच्या पाण्याची खूण राहते. डोंगरातल्या बर्फाच्या पाण्यात ऑक्सिजनचे जड रूप समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी असते. कोलोरॅडोच्या मुखाशी एके काळी सर्वाधिक आढळणाऱ्या ‘म्युलिनिया’ जातीच्या जुन्या कवचांमध्ये, उन्हाळ्याच्या तोंडावर बर्फ वितळून येणाऱ्या पुराची ही खूण स्पष्ट दिसते. म्हणजे हा प्राणी गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या मिश्रणात वाढत होता. गोडे पाणी थांबले आणि तो दुर्मीळ झाला. त्याच्या अनेक कवचांवर शिकारी गोगलगायींनी पाडलेली गोल भोके आहेत, खेकड्यांनी तोडलेल्या कडा आहेत. शिंपला गेला तेव्हा त्याच्यावर जगणाऱ्यांचे ताटही गेले.

निदानाच्या दृष्टीने दुसरे उदाहरण अधिक विचार करायला लावणारे आहे. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या उथळ समुद्रतळावर आज मऊ चिखल आहे आणि त्यात चिखलात राहणारे प्राणी आहेत. पण त्याच चिखलात शिंपल्यासारख्या दिसणाऱ्या, मात्र वेगळ्या कुळातल्या ब्रॅकिओपॉड प्राण्यांची आणि त्यांच्या सोबतीने स्कॅलप शिंपल्यांची रिकामी कवचे सापडतात. या प्राण्यांना स्वच्छ पाणी आणि कठीण, वाळूमिश्रित तळ लागतो. ते नाहीसे झाल्याचा संशय साहजिकच २० व्या शतकातल्या महानगरांच्या सांडपाण्यावर जाईल. आदाम तोमाशोविख आणि सुसान किडवेल यांनी कवचांची वये काढली, तेव्हा २०१७ मध्ये वेगळेच चित्र पुढे आले. किमान ४,००० वर्षे टिकलेली ही वस्ती १९ व्या शतकातच कोसळली होती. तेव्हा ना मोठी शहरे होती, ना सांडपाण्याचे नळ. होती ती गुरे. १७६९ पासून स्पॅनिश मिशनऱ्यांनी आणि पुढे पशुपालकांनी तिथे प्रचंड कळप चारले. गवत गेले, माती सुटली, नद्यांनी ती समुद्रात नेली आणि तळ गाळाखाली गेला. जमिनीवरच्या चराईने समुद्रातली एक परिसंस्था संपवली आणि त्याचा पत्ता शंभर वर्षांहून अधिक काळ कोणालाच नव्हता. पूर्वेतिहास न घेता निदान केले असते, तर दोष चुकीच्या आरोपीवर गेला असता आणि उपायही चुकला असता.

जुनी कवचे फक्त ऱ्हासाचीच साक्ष देतात असेही नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात हिमयुगकालीन थरांतील कालवे आजच्यापेक्षा बरीच मोठी आहेत. तिथल्या मूळ रहिवाशांनी हजारो वर्षे कालवे खाल्ली आणि कवचांचे उकिरडे मागे ठेवले. त्या उकिरड्यांतल्या कालवांचा आकार एवढ्या दीर्घ काळात फारसा घटलेला दिसत नाही. ही माणसे बहुधा उथळ पाण्यातून, हाताने कालवे गोळा करत. १९ व्या शतकात बोटींमागे लोखंडी खरवडी ओढणे सुरू झाले आणि पुढे काही दशकांत ही मासेमारी ढासळली. माणूस खातो म्हणून समुद्र रिकामा होतो, हे विधान त्यामुळे फार ढोबळ ठरते. किती, कशाने आणि कुठून काढतो, यावर सारे अवलंबून असते.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत आणि ते रास्त आहेत. मऊ शरीराचे जीव मागे काहीच ठेवत नाहीत. पातळ कवचे विरघळतात, जाड टिकतात. लाटा आणि बिळे करणारे प्राणी वेगवेगळ्या शतकांची कवचे एकत्र कालवून टाकतात, त्यामुळे मूठभर चिखलात कधी कधी हजार वर्षांची सरमिसळ असते. पण प्रत्येक तपासणीला मर्यादा असते. ती माहीत असली की निष्कर्ष त्या बेताने काढता येतो. किडवेल यांनी जगभरच्या अनेक किनाऱ्यांवरील जिवंत आणि मृत मृदुकायांच्या याद्या ताडून पाहिल्या. जिथे माणसाचा उपद्रव कमी, तिथे दोन्ही याद्या बऱ्याच जुळतात. जिथे सांडपाणी आणि खते यांमुळे पाण्यातली पोषकद्रव्ये बेसुमार वाढली आहेत किंवा तळ खरवडणारी मासेमारी चालते, तिथे त्यांत मोठी तफावत पडते. म्हणजे ती तफावत हेच लक्षण म्हणून वापरता येते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. कोलोरॅडोवर चार कोटी लोक आणि मोठी शेती अवलंबून आहे. धरणे पाडून हजार वर्षांपूर्वीचा समुद्र परत आणायचा का? तसे कोणी म्हणत नाही. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातील समझोत्यानुसार २३ मार्च २०१४ पासून आठ आठवडे नदीत मुद्दाम सुमारे १३ कोटी घनमीटर पाणी सोडले गेले. मूळ वार्षिक प्रवाहाच्या तुलनेत ते एक टक्काही नव्हते. तरी १५ मे रोजी नदी पुन्हा समुद्राला भेटली. अशा प्रयत्नांत किती पाणी सोडले तर किती फरक पडायला हवा, हे ठरवायला ५० आणि ३ हे दोन आकडे लागतातच. मधुमेह पुरता बरा होत नाही, तरी साखर किती असायला हवी हे माहीत असावेच लागते.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्याचा या सगळ्याशी थेट संबंध आहे. तिसऱ्या, कालवे, खुबे हे इथल्या खाडीकाठच्या घरांचे अन्न आहे आणि ओहोटीला ते गोळा करणाऱ्या अनेक बायकांची ती मिळकत आहे. बंदर, जेटी, गाळ उपसा किंवा कारखाना येतो तेव्हा पर्यावरणीय परिणामांचा अहवाल तयार होतो. त्यातली खाडीच्या तळाची ‘पायाभूत’ माहिती अनेकदा पावसाळा सोडून एकाच हंगामात गोळा केलेली असते. चिखलाचा नमुना चाळला जातो, जिवंत प्राणी मोजले जातात आणि रिकामी कवचे सहसा टाकून दिली जातात. ‘तळात फारसे जीव आढळले नाहीत’ असे वाक्य मग अहवालात येते आणि नुकसानभरपाईपासून परवानगीपर्यंत सगळे त्यावर ठरते. तळात फारसे जीव आधीपासूनच नव्हते, की मागच्या पन्नास वर्षांत गेले, हे त्या वाक्यातून कळत नाही. ‘पूर्वी पाटी भरायला वेळ लागत नसे’ असे एखादी वयस्कर बाई सुनावणीत म्हणाली, तर ती ऐकीव गोष्ट ठरते. तिच्या पायाखालच्या चिखलातला पुरावा मात्र कोणी तपासलेला नसतो.

हे बदलणे फार खर्चाचे नाही. चाळणीत राहिलेली कवचे फेकण्याऐवजी जात ओळखून मोजावीत, जिवंत प्राण्यांच्या यादीशेजारी मृतांची यादी छापणे अहवालात सक्तीचे करावे आणि दोन्हींत मोठी तफावत दिसली तरच वय काढण्याच्या महागड्या तपासण्या कराव्यात. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, किनारी जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत. कवच ओळखायला शिकलेला विद्यार्थी हे काम करू शकतो. आणि घाई करण्याचे कारणही आहे. उपसलेल्या गाळाबरोबर ही कवचेही निघून जातात. भराव पडला की ती कायमची झाकली जातात. रुग्णाचे जुने कागद हरवले, तर निदान निदान पुन्हा तपासण्या तरी करता येतात. खाडीचे जुने कागद एकदाच लिहिले गेले आहेत आणि त्यांची दुसरी प्रत नाही.