अर्धशिशी : गोळीच्या पलीकडे

अर्धशिशीच्या रुग्णाची खरी शोकांतिका अशी की, साधी वेदनाशामके महिन्यातून १५ वा अधिक दिवस, महिनोन्‌महिने घेत राहिल्यास ती गोळीच डोकेदुखीचे कारण बनते. म्हणूनच दंडावर बांधावयाच्या विद्युत्-उद्दीपन यंत्राचे मी स्वागत करतो. हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने २०२३ मध्ये भारतात आणलेले ‘नेरिव्हिओ’ वेदना सुरू होताच ४५ मिनिटे वापरावयाचे असते. दंडातील मज्जातंतूंना मिळालेली चेतना मेंदूतील वेदनारोधक यंत्रणा जागी करते. पेसमेकर बसविलेल्यांना ते वर्ज्य आहे. यंत्र विकत मिळेल; परंतु अचूक निदान, झोप-जेवणाची नियमितता आणि डोकेदुखीची नोंदवही या गोष्टी आपणा डॉक्टरांनाच आग्रहाने रुजवाव्या लागतील. रुग्णाला तेवढा वेळ देणे, हे आपले कर्तव्यच होय.