पाण्यात गेलेले वर्ष

परवा निकाल लागला आणि संध्याकाळी एक विद्यार्थी घरी आला. पारनेर तालुक्यातल्या जिरायती शेतकऱ्याचा मुलगा. मान खाली घालून म्हणाला, "सर, मी वॉशआउट! आता कॉलेज सोडतो आणि सुप्याला कारखान्यात लागतो."

माझ्यातला मराठीचा मास्तर आधी त्या शब्दापाशीच अडखळला. पुराने रेल्वेचा भराव वाहून गेला की वॉशआउट; पावसाने क्रिकेटचा सामना बुडाला की वॉशआउट; वैमानिकाच्या शिक्षणातून गळालेला उमेदवारही वॉशआउट! गंमत अशी, की वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरमधला गाळ धुऊन काढणे, यालाही रेल्वेत वॉशआउटच म्हणत. इंजिन त्यानंतर पुन्हा धावू लागे.

मराठीत या साऱ्याला मिळून एक शब्द नाही. आपली माती धुपते, बांध फुटतो, रस्ता खचतो आणि कष्ट पाण्यात जातात. पण वाचकहो, पाण्यात जातात ते कष्ट. माणूस काठावरच असतो!

मी विचारले, "अभ्यास केव्हा केलास?"

"शेवटच्या पंधरा दिवसांत, सर. रात्रंदिवस!"

आमच्या जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतल्या भागात पाऊसही असाच पडतो. मुळात थोडा, त्यातून एकदम कोसळणारा. उघड्या उतारावरून तो धावत सुटतो आणि जाताना मातीही नेतो. नगरजवळच्या हिवरे बाजारची हीच कथा होती. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावाने डोंगरउतारावर समतल चर खणले, बांध घातले, झाडे लावली, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. पावसाचे पाणी रेंगाळले, जमिनीत मुरले आणि विहिरींना उतरले. आभाळ तेच राहिले. बदलली ती जमिनीची तयारी.

"पावसात बांध फुटला, तर तुझे वडील काय करतात रे?"

"पाऊस उघडला, की पुन्हा घालतात."

"रान विकून टाकत नाहीत ना?"

पोरगा प्रथमच हसला. आतून चहा आला. तो पिऊन उठता उठता म्हणाला, "सर, फॉर्म भरायची मुदत सोमवारपर्यंत आहे."

त्याने तो भरला. आता रोज संध्याकाळी तासभर येतो. थोडे थोडे वाचतो. मुरते आहे, असे वाटते.