संकुलातील शिल्पाचा सांभाळ कोणाचा?

घर ही मध्यमवर्गीय कुटुंबाची आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी. गृहकर्जासाठी बँकेत येणारा ग्राहक सदनिकेचे क्षेत्रफळ, मजला आणि वाहनतळ यांची बारकाईने चौकशी करतो. माहितीपत्रकात झळकणाऱ्या बागेतील शिल्पाविषयी मात्र तो सहसा काही विचारत नाही. कोलकात्याच्या ईस्टर्न मेट्रोपॉलिटन बायपासलगत व न्यू टाउन परिसरात उभ्या राहिलेल्या निवासी संकुलांच्या निमित्ताने हा प्रश्न विचारावयास हवा. कारण त्या शिल्पाची किंमतही अखेर सदनिकाधारकच मोजत असतो.

बंगालला उघड्यावरील शिल्पाची थोर परंपरा आहे. रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये शांतिनिकेतनात ‘संथाळ कुटुंब’ साकारले ते सिमेंट आणि स्थानिक लाल मातीतील खडी यांसारख्या साध्या साहित्यातून. बँकिंग क्षेत्रालाही हे नाव परके नाही. रिझर्व्ह बँकेच्या नवी दिल्ली येथील इमारतीसमोर उभे असलेले यक्ष आणि यक्षी ही त्यांचीच निर्मिती. उद्योग व शेती यांतून येणाऱ्या समृद्धीची ही प्रतीके १९६७ मध्ये पूर्ण झाली. आजही ती दिमाखात उभी आहेत, याचे श्रेय शिल्पकाराइतकेच त्यांचा सांभाळ करणाऱ्या संस्थेलाही द्यावे लागेल.

कोलकात्यातील रहिवाशांना कलेसाठी खर्च करणे नवे नाही. युनेस्कोने डिसेंबर २०२१ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केलेला येथील दुर्गापूजेचा उत्सव मोहल्ल्यांच्या वर्गणीवरच वाढला. परंतु मंडप व मूर्ती काही दिवसांच्या असतात. मूर्तीचे विसर्जन झाले की जबाबदारी संपते. संकुलातील शिल्प मात्र दमट हवा, मुसळधार पाऊस आणि वैशाखातील वादळे वर्षानुवर्षे सोसत राहते. लोखंड गंजते, काँक्रीटला तडे जातात, रंग उडतो. मग एके दिवशी त्याची अडचण वाटू लागते.

कायद्याची बाजूही समजून घेण्याजोगी आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार सामायिक क्षेत्राची मालकी विकसकाने सदनिकाधारकांच्या संघाकडे सोपवावयाची असते. पश्चिम बंगालचा स्वतंत्र कायदा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये रद्द ठरविल्याने तेथेही आता हाच अधिनियम लागू आहे. सामायिक क्षेत्राच्या व्याख्येत उद्याने, क्रीडांगणे, जिने, उद्वाहने यांचा उल्लेख आहे. कलाकृतीचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे हस्तांतराच्या वेळी पंप व उद्वाहने यांची नोंद होते आणि शिल्प नोंदीबाहेर राहण्याचा संभव असतो.

नकोसे झालेले शिल्प मनमानीपणे मोडून टाकणेही सोपे नाही. विज्ञान भवनातील अमरनाथ सेहगल यांचे भव्य कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून अडगळीत टाकण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्याचे अवशेष कलावंतास परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रतिकृती अधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५७ ने कलावंताला दिलेला नैतिक अधिकार कलाकृती विकल्यानंतरही अबाधित राहतो, हे या निकालाने अधोरेखित केले.

यावरील उपाय खर्चिक नाही. हस्तांतराच्या वेळी संघाने कलावंताशी झालेल्या कराराची प्रत व निगराणीच्या लेखी सूचना मागून घ्याव्यात, शिल्पाची मालमत्तेच्या नोंदवहीत नोंद करावी आणि वार्षिक देखभाल खर्चात त्यासाठी स्वतंत्र तरतूद ठेवावी. विकसकानेही परदेशी वास्तूंच्या नकला मांडण्यापेक्षा स्थानिक कलावंतास काम द्यावे. आवडीने घडविलेली वस्तू रहिवासी अधिक आपुलकीने जपतात.

इमारतीची दुरुस्ती टाळली तर तिचे मूल्य घटते, हे प्रत्येक कर्जदार जाणतो. अंगणातील शिल्पालाही हाच हिशेब लागू आहे. ज्या संकुलाला त्याची तरतूद करावयाची नाही, त्याने शिल्पाऐवजी एखादे झाड लावावे, हेच श्रेयस्कर!