चोवीस तासांचा शिपाई

बोरी अरब हे दारव्हा तालुक्यातील एक गाव. यवतमाळहून दारव्ह्यास जाणाऱ्यास ते वाटेत लागते. या गावी एखाद्या रात्री घराचे कुलूप तुटले आणि कापसाचे नुकतेच हाती आलेले पैसे नाहीसे झाले, अशी क्षणभर कल्पना करावी. घरधनी सकाळी ठाण्यात जाईल. तेथे त्याची फिर्याद लिहून घेणारा जमादार आदल्या रात्री किती तास झोपला होता, यावर त्या फिर्यादीचे भवितव्य पुष्कळसे अवलंबून राहील. पोलीसदलाच्या आधुनिकीकरणाची चर्चा आपल्याकडे वाहने, कॅमेरे, संगणक आणि इमारती यांच्या भाषेत चालते. त्या जमादाराच्या झोपेचा प्रश्न तीत सहसा निघत नाही. तो आज काढणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण कायद्याने त्याच्यावर टाकलेला भार अलीकडेच मोठा वाढला आहे.

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. झडती व जप्ती यांचे दृक्‌श्राव्य चित्रण करावयाचे, तपास कोठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीस कळवावयाचे, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, त्याची खबर नोंदवून घ्यावयाची, इलेक्ट्रॉनिक साधनांनी खबर आली तर ती नोंदवून तीन दिवसांत खबर देणाऱ्याची सही घ्यावयाची, अशा तरतुदी तीत आहेत. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी गेले पाहिजे, असेही ती सांगते. यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. राहत्या घरातील चोरीस नव्या न्यायसंहितेत सात वर्षांपर्यंत शिक्षा असल्यामुळे बोरी अरबची आमची कल्पित घरफोडीही या कक्षेत येते. या तरतुदी चांगल्या आहेत. त्यांमुळे निरपराध्यास संरक्षण मिळेल आणि अपराध्यास सुटण्याच्या वाटा कमी होतील. पण हे चित्रण कोण करणार, तज्ज्ञ येईपर्यंत जागेवर पहारा कोण देणार आणि नव्वद दिवसांची तारीख कोण लक्षात ठेवणार? हे सर्व त्याच ठाण्यातील तीच माणसे करणार; आणि त्यांपैकी काही त्या दिवशी मिरवणुकीच्या बंदोबस्तास गेलेली असणार.

कायदा नवा झाला. ज्या कायद्याने शिपायाला बांधले आहे तो मात्र जुनाच आहे. रजेवर वा निलंबित नसलेला प्रत्येक पोलीस सदैव कामावर आहे असे मानले जाईल, अशी तरतूद १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या, म्हणजेच आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या, २८ व्या कलमात आहे. तिचे मूळ १८६१ च्या पोलीस कायद्यात सापडते. संकटसमयी शिपायाने ‘माझी पाळी संपली’ असे म्हणू नये, हा तिचा वाजवी अर्थ होय, आणि त्यास आमची हरकत नाही. परंतु व्यवहारात या कलमाचा अर्थ असा झाला, की शिपायाच्या वेळेस किंमत नाही आणि म्हणून तिचा हिशेब ठेवण्याचेही कारण नाही. आगगाडी रात्रंदिवस धावते; म्हणून एकाच चालकास रात्रंदिवस इंजिनावर उभे करीत नाहीत. रुग्णालये चोवीस तास उघडी असतात, आणि परिचारिकांच्या पाळ्या लावूनच ती चालतात. पोलीस ठाण्यापुरताच हा साधा व्यवहार अशक्य का ठरावा?

तो अशक्य ठरतो याचे कारण अज्ञान नव्हे. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ च्या आपल्या पहिल्याच अहवालात शिपायाचा प्रश्न हाती घेतला आणि तो दिवसाकाठी दहा ते सोळा तास, आठवड्याचे सातही दिवस राबतो, असे नमूद केले. त्याच्याही आधी, १९७३ मध्ये, आपल्या मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे प्रा. मा. स. गोरे यांच्या समितीने पोलिसांच्या शिक्षणाविषयी केंद्र सरकारला अहवाल दिला होता. २०१४ मध्ये हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजने देशभरच्या ठाण्यांची पाहणी केली. तीत सुमारे ९० टक्के कर्मचारी आठ तासांहून अधिक काम करतात असे आढळले; जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांनी आपणांस महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुटी घेता येत नाही असे सांगितले. आठ तासांच्या पाळ्या लावावयाच्या तर मंजूर संख्येच्या सरासरी १.६८ पट माणसे लागतील, हा हिशेबही तीत मांडलेला आहे. म्हणजे रोगाचे निदान झाले, औषधाचे मापही ठरले. अहवाल कपाटात गेले आणि शिपाई बंदोबस्तास गेला.

आमच्या आयुष्याची काही वर्षे शाळेत शिकविण्यात गेली. शाळेचे वेळापत्रक आखणारा मुख्याध्यापक कितीही कठोर असला तरी एका शिक्षकास ओळीने आठ तास देत नाही. कारण आठव्या तासाला तो शिक्षक काय शिकवील हे त्यास ठाऊक असते. पंचनामा लिहिणे हेही शेवटी लेखनच आहे. थकलेल्या हाताने लिहिलेल्या पंचनाम्यात वेळ चुकते, दिशा चुकते, पंचाचे नाव अपुरे राहते. आणि दोन वर्षांनी न्यायालयात त्या एका ओळीवर खटला कोसळतो. त्या वेळी आपण सारे पोलिसांच्या नाकर्तेपणावर बोलतो. तो नाकर्तेपणा पुष्कळदा खराच असतो. लाच घेणारा, फिर्यादीस हुसकावून लावणारा, दुबळ्यावर हात उगारणारा पोलीस आम्हीही पाहिला आहे, आणि थकव्याच्या सबबीखाली त्यास क्षमा करण्यास आम्ही तयार नाही. पण प्रामाणिक जमादाराचाही पंचनामा चुकावा अशी व्यवस्था चालू ठेवल्याने लाचखोराचे काही बिघडत नाही.

ही गाऱ्हाणी शिपाई स्वतः का मांडीत नाही, असे आमचे शहरवासी वाचक विचारतील. त्याने ती एकदा मांडली होती. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांनी काळ्या फिती लावल्या. सरकारने त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली, पुढाऱ्यांस अटक केली, आणि १८ ऑगस्टला मुंबईने दंगल पाहिली. शहरात लष्कर आणावे लागले. शस्त्रधारी दलाने शिस्त मोडणे समर्थनीय नव्हते. ते तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. मात्र त्या प्रसंगानंतर शिस्त राखली गेली तेवढ्यावर आपण समाधान मानले. पोलिसांच्या संघटनेवर १९६६ च्या केंद्रीय कायद्याने निर्बंध घातले आहेतच. ज्यास आपण बोलू देत नाही त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची जबाबदारी वाढते, हे तत्त्व मात्र आपण सोयीस्करपणे विसरलो.

ब्रिटिशांचे अनुकरण आपल्याकडे पुष्कळ झाले. या बाबतीत ते अर्धेच झाले. १९१८ मध्ये लंडनच्या आणि १९१९ मध्ये लिव्हरपूलच्या पोलिसांनी संप केला. ब्रिटिश पार्लमेंटने १९१९ च्या कायद्याने पोलिसांना कामगार संघटनेत जाण्यास बंदी केली. पण त्याच कायद्याने पोलीस फेडरेशन नावाचे प्रातिनिधिक मंडळ निर्माण केले आणि त्याच वर्षी डेसबरो समितीच्या शिफारशींनुसार वेतन वाढविले. आपण बंदी घेतली आणि फेडरेशन तेथेच ठेवले. केरळात सरकारमान्य पोलीस असोसिएशन कित्येक वर्षे काम करीत आहे. तेथील राज्य त्यामुळे बुडालेले नाही. महाराष्ट्रात निदान जिल्हावार निवडलेली अशी मंडळे असावीत, की ज्यांना संपाचा अधिकार नसेल, पण कामाचे तास, सुटी आणि निवास यांविषयी पोलीस अधीक्षकांसमोर ठरल्या दिवशी बसून बोलण्याचा अधिकार असेल. ‘दरबारा’त उभे राहून एका शिपायाने आपले गाऱ्हाणे सांगणे आणि निवडलेल्या पाच जणांनी कागद पुढे ठेवून बोलणे यांत फरक आहे.

पाळ्यांचा प्रयोग महाराष्ट्रात झालेलाच नाही असे नाही. मे २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या तीन पाळ्या सुरू झाल्या. ही योजना वरून आलेली नव्हती. एका शिपायाने ती आखली होती आणि पोलीस आयुक्तांनी ती स्वीकारली, ही गोष्ट आम्हांस सर्वांत लक्षणीय वाटते. पुढे ती मुंबईच्या अन्य ठाण्यांत गेली, आणि कोरोनाच्या साथीनंतर विस्कटली. २०२१ मध्ये राज्यात महिला पोलिसांसाठी आठ तासांची पाळी लावण्याचे आदेश निघाले. एका आयुक्ताच्या सदिच्छेने जे सुरू होते ते दुसऱ्याच्या काळात थांबते. म्हणून ही गोष्ट परिपत्रकाच्या पातळीवर न ठेवता नियमांत यावयास हवी.

बदल्यांचेही तेच. प्रकाशसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी ठाणेदारास निदान दोन वर्षांचा कार्यकाल द्यावा असा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून तो मान्य केला, आणि लगोलग लोकहितार्थ मुदतीपूर्वी बदली करण्याची वाटही उघडी ठेवली. या वाटेने कोण जातो आणि कोणाच्या शब्दाने जातो, हे विदर्भात निराळे सांगावयास नको. पश्चिमेकडील कित्येक अधिकाऱ्यांस विदर्भातील नेमणूक शिक्षा वाटते. असा ठाणेदार आल्या दिवसापासून परतीचे दिवस मोजतो. शिपाई मात्र जिल्ह्याच्याच भरतीतून आलेला असतो. बोरी अरबमध्ये कोणाचे शेत कोणाच्या बांधाला लागून आहे, कोण खरा भांडखोर आणि कोण नुसता मोठ्याने बोलणारा, हे बीट जमादारास आणि गावच्या पोलीस पाटलास ठाऊक असते. दलाचे खरे ज्ञान असे सर्वांत खालच्या पायरीवर साठलेले आहे. निर्णयाची सत्ता मात्र त्या पायरीवर काडीमात्र नाही. २०२२ मध्ये शासनाने पोलीस नाईक हे पद रद्द करून शिपायास निवृत्तीपूर्वी उपनिरीक्षकपदापर्यंत पोहोचता यावे अशी सोय केली. हा निर्णय योग्य होता आणि त्याचे श्रेय शासनास दिलेच पाहिजे. मात्र पद वाढले तरी तपासाचे शिक्षण वाढले नाही, तर खांद्यावरील फीत तेवढी बदलेल.

भरतीकडेही या दृष्टीने पाहावे. २०२४ च्या भरतीत सतरा हजारांच्या वर जागांसाठी सतरा लाखांच्या वर अर्ज आले. तरुण १६०० मीटर किती वेळात धावतो आणि गोळा किती लांब फेकतो, यास ५० गुण आहेत. लेखी परीक्षेस १००. रडत आलेल्या बाईचे बोलणे शांतपणे ऐकून चार सरळ वाक्यांत लिहिता येते की नाही, यास एकही गुण नाही. अर्जदारांत पदवीधर मुले मोठ्या संख्येने असतात. आमच्या हातून शिकून गेलेली मुलेही या दलात आहेत. त्यांच्यापाशी ही क्षमता नव्हती असे आम्हांस वाटत नाही. ती कोणी विचारली नाही.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. माणसे वाढवावयाची तर पगार वाढतो, निवृत्तिवेतन वाढते, आणि वाहनाप्रमाणे माणसाचे उद्‌घाटन करता येत नाही. तथापि फारसा खर्च न पडणारी कामे पुष्कळ आहेत. तपास करणारी माणसे बंदोबस्तापासून वेगळी काढावी, असे प्रकाशसिंग निकालानेच सांगितले आहे. मंजूर संख्या जुन्या तक्त्यावरून न ठरविता ठाण्यातील गुन्हे, गावे आणि अंतरे पाहून ठरवावी. बंगल्यावरील घरगडीकामास लावलेले शिपाई ठाण्यात परत पाठवावे. आणि प्रत्येक ठाण्याने कामाच्या तासांची व रद्द झालेल्या साप्ताहिक सुट्यांची नोंद ठेवून ती दर महिन्यास जिल्ह्याकडे धाडावी. आज ही संख्या कोणी विचारीत नाही. म्हणून ती कोणास लाजवीतही नाही.

यवतमाळचा दुर्गोत्सव आटोपला, की थोड्याच आठवड्यांत विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरास भरते. त्याच्या बंदोबस्तासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून पोलीस बोलावले जातात आणि थंडीत रस्त्यांवर उभे राहतात. त्या अधिवेशनात विदर्भाच्या एखाद्या आमदाराने गृहखात्यास एवढाच प्रश्न विचारावा: बाहेर उभ्या असलेल्या या शिपायांपैकी किती जणांना गेल्या महिन्यात चारही साप्ताहिक सुट्या मिळाल्या, आणि त्यांच्या ठाण्यांत या घटकेस फिर्याद लिहून घेण्यास कोण बसले आहे?